रिकाम्या घराकडे सहा ग्रहांची दृष्टी

पत्रिका वाचायला शिकायचे असेल तर सुरुवातीला घरच्या माणसाची पत्रिका समोर घेऊ नये. मुलीची किंवा भावाची पत्रिका उघडली की नजर आधी सप्तमाकडे नाहीतर दशमाकडे धावते आणि बाकीचे आकाश दिसेनासे होते. म्हणून या प्रकरणासाठी आपण एक अशी पत्रिका घेऊ, जिची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक आहे आणि जिच्याबद्दल आपल्या सगळ्यांना सारखीच आस्था आहे. ती आहे स्वतंत्र भारताची. १५ ऑगस्ट १९४७, मध्यरात्रीचे बारा, दिल्ली. अयनांश, म्हणजे राशींचा आरंभ कुठे धरायचा हे ठरवणारे अंश, चित्रापक्षाचे; आज बहुतेक पंचांगांत असतात तेच.

कागदावर ती अशी उतरते. चौकटीत वरचे मधले घर पहिले. त्यात २ हा आकडा आणि शेजारी ‘रा’. हा आकडा घराचा नसतो, राशीचा असतो. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. २ म्हणजे वृषभ. तेव्हा हे वृषभ लग्न, आणि लग्नात राहू. तिथून डाव्या हाताला उतरत जायचे. दुसऱ्या घरात ३, म्हणजे मिथुन, आणि तिथे मंगळ. तिसऱ्यात ४, कर्क, आणि त्या एका घरात पाच ग्रह दाटीने लिहिलेले: रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी. चौथे, पाचवे रिकामे. सहाव्यात तुळेचा गुरू. सातव्यात वृश्चिकेत केतू. उरलेली पाच घरे कोरी.

आता या चित्रातल्या गोष्टी दोन जातींच्या आहेत. काही थेट आकाशातून आल्या आहेत. गुरू तुळेत होता, हे खगोलगणिताने तपासता येते. काही गोष्टी ग्रंथकारांनी ठरवल्या आहेत. सहावे घर शत्रूचे आणि रोगाचे, हा संकेत आहे. पत्रिका वाचताना या दोन जाती मनात वेगळ्या ठेवता येणे, ही मला या विद्येची पहिली पायरी वाटते. ती नीट चढली नाही तर पुढे माणूस आकडेमोडीच्या जोरावर काहीही बोलतो आणि ऐकणारा घाबरतो.

सगळ्यात आधी लग्न. त्या क्षणी, त्या गावी, पूर्वेच्या क्षितिजावर क्रांतिवृत्ताचा जो बिंदू उगवत असतो तो लग्नबिंदू. आपल्या पत्रिकेत तो वृषभेच्या आठव्या अंशात आहे. पत्रिकेतली सगळ्यात वेगाने पळणारी गोष्ट हीच. शनी एका राशीत सरासरी अडीच वर्षे राहतो, चंद्र सव्वादोन दिवस. लग्न मात्र साधारण दोन तासांत रास बदलते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. म्हणून एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांच्या पत्रिकांत ग्रह जवळपास तेच असतात आणि घरे पार वेगळी पडतात. स्थळानेही फरक पडतो. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचे अंतर आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखवत असले तरी आकाश नागपुरात सुमारे पंचवीस मिनिटे पुढे असते.

जुन्या पत्रिकांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात देशभरची घड्याळे एक तास पुढे केलेली होती. मुंबईत तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारा ‘मुंबई टाइम’ काही ठिकाणी पाळला जाई. आजीच्या पत्रिकेतली वेळ कोणत्या घड्याळाची, हे विचारल्याशिवाय लग्न मांडण्यात अर्थ नाही. एका तासाने पंधरा अंश सरकतात. तेवढ्यात लग्नाची रास बदलू शकते.

लग्नापाठोपाठ रवीचे घर बघावे. पत्रिका बरोबर मांडली आहे का, याची ही सोपी पारख आहे. सूर्योदयाला जन्मलेल्याचा रवी पहिल्या घरात किंवा त्याच्या सीमेवर, भर दुपारी जन्मलेल्याचा दहाव्यात, सूर्यास्ताचा सातव्यात, मध्यरात्रीचा चौथ्यात. आणखी पारख हवी असेल तर बुधाकडे पाहा. तो सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे कधी जात नाही, म्हणजे रवीच्या घरात किंवा त्याला लागून असलेल्या घरातच सापडायला हवा. शुक्राची मर्यादा ४७ अंश, म्हणजे फार तर दोन घरे. राहू-केतू कायम समोरासमोर. रवी आणि चंद्र यांच्यातले अंतर मोजले की तिथी निघते. दर बारा अंशांना एक तिथी. आपल्या पत्रिकेत चंद्र कर्केच्या चौथ्या अंशाच्या शेवटी आणि रवी अठ्ठाविसाव्याच्या शेवटी, म्हणजे चंद्राला सूर्य गाठायला चोवीस अंश उरलेले. दोन तिथी शिल्लक: चतुर्दशी आणि अमावास्या. अधिक श्रावणातली वद्य त्रयोदशी सरून चतुर्दशी लागायची ती वेळ. पंचांग न उघडता एवढे कळते.

पण मग एक अडचण दिसते. मध्यरात्रीचा रवी चौथ्यात हवा होता, आणि इथे तो तिसऱ्यात लिहिला आहे. पत्रिका चुकली का? नाही. पत्रिकेतले दुसरे महत्त्वाचे ठिकाण समजून घ्यायची ही चांगली संधी आहे.

पहिले, चौथे, सातवे, दहावे ही चार घरे म्हणजे केंद्रे. आकाशात त्यांना खरा आधार आहे: पूर्व क्षितिज, पायाखालचा पाताळबिंदू, पश्चिम क्षितिज आणि मध्यमंडल. राशीकुंडलीत मात्र आपण लग्नाची अख्खी रास पहिले घर धरतो आणि पुढे एकेक रास मोजत जातो. ही सोय आहे. त्या रात्री दिल्लीच्या मध्यमंडलावर जो बिंदू होता तो मकरेच्या बाविसाव्या अंशात येतो. लग्नापासून मोजले तर मकर ही नववी रास. म्हणजे आकाशातले ‘दशम’ कागदावरच्या नवव्या घरात. त्याच्या बरोबर समोर, पायाखाली, कर्केचा बाविसावा अंश. तिथे कोण होते? शनी एकविसाव्या अंशात आणि शुक्र तेविसाव्यात. रवी सहा अंश पुढे.

म्हणूनच जाणकार राशीकुंडलीशेजारी भावचलित मांडतात. त्यात घराची सुरुवात राशीच्या सुरुवातीला जखडलेली नसते. भारताच्या पत्रिकेचे भावचलित केले की चंद्र तिसऱ्यातच राहतो आणि बुध, शनी, शुक्र, रवी हे चौघे चौथ्यात सरकतात. राशीकुंडलीवरून सांगणारा म्हणेल, राहू-केतू सोडले तर चारही केंद्रे ओस आहेत. भावचलितावरून सांगणारा म्हणेल, चौथ्या केंद्रात चार ग्रह आहेत. दोघांसमोर आकाश एकच आहे. त्यांच्यातला फरक घरे कुठून मोजायची, या संकेताचा आहे.

मला या पत्रिकेतली सगळ्यात भावणारी गोष्ट मात्र कोणत्याही संकेताशिवाय वाचता येते. लग्नापासून सातव्या घराच्या आरंभापर्यंतचा भाग क्षितिजाखाली असतो, उरलेला वर. या पत्रिकेतले सातही ग्रह खालच्या बाजूला आहेत. गुरू तासाभराच्या आतच मावळला होता. मंगळ दोनेक तासांनी उगवणार होता, चंद्राची कोर पहाटे. शुक्र आणि शनी सूर्याच्या तेजात लपलेले, म्हणजे अस्तंगत. संसद भवनात टोले पडत होते तेव्हा दिल्लीच्या आकाशात, ढग असोत वा नसोत, एकही ग्रह नव्हता. वर फक्त तारे होते. चौकटीतल्या चार अक्षरांतून त्या रात्रीचे आकाश असे उभे राहते.

आता दृष्टी. नियम थोडके आहेत. ग्रह ज्या घरात बसला आहे ते पहिले धरून मोजायचे. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घराकडे पूर्ण दृष्टीने पाहतो. मंगळाला चौथी आणि आठवी दृष्टी जादा, गुरूला पाचवी आणि नववी, शनीला तिसरी आणि दहावी. राहू-केतूंना दृष्टी द्यायची की नाही, यावर एकमत नाही.

हे पाठ करून टाकले जाते आणि त्यामागची रचना नजरेआड होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहज्जातका’त दृष्टीची प्रतवारी दिली आहे. तिसऱ्या-दहाव्या घरावर प्रत्येक ग्रहाची पाव दृष्टी, पाचव्या-नवव्यावर अर्धी, चौथ्या-आठव्यावर पाऊण, सातव्यावर पूर्ण. मग शनीला पहिली जोडी, गुरूला दुसरी, मंगळाला तिसरी पूर्ण करून दिली. तीन बाह्य ग्रह, तीन जोड्या, पाव-अर्धा-पाऊण. सगळ्यात संथ ग्रहाला सगळ्यात कच्ची जोडी आणि त्यातल्या त्यात चपळ मंगळाला सगळ्यात पक्की. इतकी नेटकी मांडणी ग्रह पाहता पाहता हाती लागत नाही. कोणीतरी ती विचार करून बसवली आहे. ती सुंदर आहे म्हणून आवडावी, पण तिला आकाशातला पुरावा समजू नये.

नियम लावून पाहू. कर्केतले पाचही ग्रह सातव्या दृष्टीने मकरेकडे पाहतात. मंगळ मिथुनेतून चौथ्या दृष्टीने कन्येकडे, सातव्या दृष्टीने धनूकडे आणि आठव्या दृष्टीने पुन्हा मकरेकडे. मकर रिकामी आहे. नवव्या घरात, म्हणजे भाग्यस्थानात, एकही ग्रह नाही आणि सातातले सहा ग्रह तिकडे तोंड करून बसले आहेत. शनीच्या तर ते स्वतःच्या मालकीचे घर. नवशिका रिकाम्या घरावरून नजर पुढे नेतो. या पत्रिकेत सगळा भार त्या कोऱ्या चौकोनावर आहे. घरात कोण बसले आहे एवढेच पाहून थांबू नये, त्या घराकडे कोण पाहते आणि त्या घराचा स्वामी कुठे आहे, हे तिन्ही मिळून एक घर वाचून होते.

याच्या उलट लग्न. वृषभेवर सातांपैकी कोणाचीही पूर्ण दृष्टी नाही. गुरूच्या दृष्टी पडतात कुंभ, मेष आणि मिथुनेवर. शनीच्या कन्या, मकर, मेषेवर. लग्नात राहू, समोर केतू, बस्स. लग्नेश शुक्र कर्केत, नवम आणि दशम या दोन्ही घरांच्या स्वामीला, म्हणजे शनीला, चिकटून. दोघांत दोन अंशांचे अंतर. वृषभ लग्नाला शनी योगकारक मानतात. त्यामुळे एक ज्योतिषी या युतीवरून मोठा राजयोग सांगेल. दुसरा म्हणेल, दोघेही अस्तंगत आहेत, योग दुबळा. सातही ग्रह राहू-केतूंच्या एकाच बाजूला आहेत हे पाहून तिसरा कालसर्प म्हणेल. ‘बृहज्जातका’त या नावाचा योगच नाही.

हे झाले राशीवरून राशीकडे पाहणे. दृष्टी अंशांनीही मोजतात आणि त्या मोजणीने चित्र बदलते. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने ६०, ९०, १२० आणि १८० अंशांची अंतरे घेतली. आपल्याकडे त्यांनाच लाभयोग, केंद्रयोग, नवपंचम आणि प्रतियोग म्हणतात. पुढे केप्लरने त्यांत ७२, १३५, १४४ अशी आणखी अंतरे मिळवली. सुरांच्या मेळाप्रमाणे कोनांचाही मेळ असावा, असा त्याचा विश्वास होता. भारतातही १५८७ साली नीलकंठ दैवज्ञाने ‘ताजिकनीलकंठी’ लिहिली. त्या पद्धतीत प्रत्येक ग्रहाला दीप्तांश दिलेले आहेत: रवीला १५, चंद्राला १२, गुरू आणि शनीला ९, मंगळाला ८, बुध आणि शुक्राला ७. अंतर या मर्यादेत बसले तरच दृष्टी कामाची. शिवाय वेगवान ग्रह संथ ग्रहाकडे येतो आहे की गाठून पुढे निघाला आहे, हेही तिथे पाहतात. येत असेल तर काम होणार, निघून गेला असेल तर वेळ टळली, असा अर्थ लावतात.

आपल्या पत्रिकेतल्या दोन जोड्या घेऊन पाहा. गुरू तुळेच्या सव्विसाव्या अंशात, मंगळ मिथुनेच्या आठव्यात. राशींनी मोजले तर गुरूची मंगळावर नववी, पूर्ण शुभ दृष्टी. अंशांनी मोजले तर दोघांत १३८ अंशांचे अंतर. नवपंचमाला १२० हवेत, म्हणजे अठरा अंशांचा फरक. त्या हिशेबाने दृष्टीच नाही. आता रवी आणि गुरू. दोघांत ८८ अंश, म्हणजे जवळजवळ नेमका केंद्रयोग; पाश्चात्त्य पद्धतीचा ज्योतिषी सर्वांत आधी यावर बोट ठेवेल. आपल्या रूढ पद्धतीत गुरूची कर्केवर दृष्टी पावच आणि रवीची तुळेवर पाऊणच, म्हणून सहसा तिची कोणी नोंदही घेत नाही.

आणि हे सगळे चित्रापक्ष धरून. लोकमान्यांच्या नावाने चालणारे टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून राशी मोजते आणि त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी आहेत. ते घेतले तर प्रत्येक ग्रह चार अंश पुढे सरकतो. कर्केच्या अखेरीला असलेला रवी सिंहेत जातो, म्हणजे भावचलित न करताच चौथ्या केंद्रात. महाराष्ट्रात अशी कितीतरी घरे आहेत जिथे आजोबांची पत्रिका एका पंचांगाने केलेली आणि नातवाची दुसऱ्या. गुण जुळवताना दोन्ही पत्रिका एकाच अयनांशांच्या आहेत का, हे विचारणारे फार थोडे.

इतक्या शाखा फुटत असतील तर निष्कर्षांची परीक्षा व्हायला हवी, आणि ती आपल्याकडे झाली आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे पत्रिका गोळा केल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. नाव न देता त्या ज्योतिषांना पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका. २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्याने ज्योतिषांची टवाळी केली नाही. त्यांना त्यांच्याच साधनांनी उत्तर देण्याची पूर्ण संधी दिली. त्यानंतर पत्रिकेला आकाशाचा नकाशा म्हणून मान देणे आणि तिच्या भरवशावर माणसाविषयी निकाल देणे, या दोन गोष्टी एकत्र नांदवणे मला शक्य वाटत नाही.

निकाल दिला जातो तो मुख्यतः एका ठिकाणी: मुलीला मंगळ आहे. जमत आलेली किती लग्ने या एका वाक्याने मोडतात, हे मराठी घरांना सांगायला नको. म्हणून हा योग दृष्टीच्या नियमाने उलगडून पाहावा. मंगळ १, ४, ७, ८, १२ यांपैकी एका घरात असला तर मंगळाची पत्रिका. हीच घरे का? पहिल्यातला मंगळ सातव्या दृष्टीने सप्तमाकडे पाहतो. चौथ्यातला चौथ्या दृष्टीने. बाराव्यातला आठव्या दृष्टीने. सातव्यातला तर तिथेच बसलेला. उरले आठवे, ते आयुष्याचे आणि सौभाग्याचे मानलेले घर, म्हणून तेही यादीत. म्हणजे ‘मंगळ असणे’ हा निराळा दोष नाही. मंगळाच्या तीन दृष्टी विवाहस्थानावर कुठून पडतात, याचा तो हिशेब आहे.

हिशेबच आहे तर पुढेही करावा. लग्न दिवसभरात बाराही राशींतून फिरते. बारांतली पाच घरे दोषाची धरली की ढोबळमानाने शंभरातल्या बेचाळीस पत्रिका मंगळाच्या निघतात. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजतात. तिन्हींपैकी कुठूनही लागला तर दोष, असे धरले तर शंभरातल्या सुमारे ऐंशी पत्रिका मंगळाच्या ठरतात. दक्षिणेत पहिल्याऐवजी दुसरे घर मोजण्याची रीत आहे, तेव्हा तिथली यादी वेगळी. अपवादांची यादी त्याहून लांब: मंगळ स्वगृहीचा असेल तर नाही, उच्चीचा असेल तर नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही.

भारताच्या पत्रिकेला हे लावून पाहा. लग्नापासून मंगळ दुसरा, म्हणजे आपल्या रीतीने दोष नाही आणि दक्षिणेच्या रीतीने आहे. चंद्रापासून तो बारावा, शुक्रापासूनही बारावा, म्हणजे दोन्हीकडून दोष आहे. मग अपवाद शोधायचा. गुरूची मंगळावर दृष्टी आहे ना? राशींनी मोजणारा म्हणेल, आहे, नववी, पूर्ण, दोष गेला. अंशांनी मोजणारा म्हणेल, अठरा अंशांचा फरक आहे, दृष्टी लागत नाही, दोष राहिला. दोघांकडेही आधाराला ग्रंथ आहे. तेव्हा कोणी ‘मंगळ आहे’ म्हणाले की मंगळ कोणत्या घरात, घर कुठून मोजले, अयनांश कोणते आणि दृष्टी राशीने की अंशाने, हे चार प्रश्न तिथल्या तिथे विचारावेत आणि उत्तरे पत्रिकेच्याच कागदावर लिहून घ्यावीत.